धूमनेत्र, वल्कलें व तमाखू

जुन्या वैद्यकाच्या पोथ्या चाळणाऱ्या संग्राहकांस एक अनुभव वारंवार येतो. पोथींत कोठें तरी 'धूम' हा शब्द असतो, जवळच एका नळीचें माप दिलेलें असतें, एखादे वेळीं त्या नळीची आकृतिहि काढलेली असते, आणि पाहणारा तत्काळ म्हणतो, "ही तमाखूची गोष्ट, म्हणजे मजकूर फार तर तीनचारशें वर्षांचा." नळी दिसली कीं तमाखू, आणि तमाखू दिसली कीं फिरंग्यांनंतरचा काळ, असें हें दुपदरी अनुमान आहे. त्याचा दुसरा पदर बळकट आहे. पहिला मात्र जिरलेला आहे. धूम असेल तेथें अग्नि असतो हें नैयायिकांचें म्हणणें खरें. पण धूम असेल तेथें तमाखूहि असते असें कोणत्याहि नैयायिकानें म्हटलेलें नाहीं. हा पहिला पदर कां टिकत नाहीं हें साधार दाखवावें, आणि अशा पानांची परीक्षा करण्याचीं कांहीं गमकें वाचकांपुढें ठेवावीं, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

ही चूक दुसऱ्या कोणाची म्हणून आम्ही दाखवीत नाहीं. ती आमची स्वतःची आहे. सुमारें ३० वर्षांपूर्वीं एका वैद्यघराण्यांतील गृहस्थांनीं आपल्या माळ्यावरील एक रुमाल आम्हांस दाखविला. शाळेच्या सुट्टींत दोन दिवस बसून आम्हीं त्याची यादी केली. त्यांत कांहीं सुटीं पानें होतीं. एका पानावर तीन गांठींची सरळ नळी काढलेली होती, शेजारीं ३६ हा आंकडा होता, आणि खालीं कांहीं झाडांच्या सालींचीं नांवें होतीं. आम्हीं यादींत लिहिलें, "तमाखूविषयीं, अर्वाचीन, महत्त्वाचें नाहीं." त्या गृहस्थांनीं आमच्या शब्दावर विश्वास ठेवून महत्त्वाच्या पोथ्या जपल्या आणि ज्यांवर आम्हीं फुली मारली तीं पानें पुढें घर आवरतांना रद्दींत गेलीं. त्यांच्याकडे कांहीं दोष नाहीं. आज त्या पानाचें म्हणून आमच्यापाशीं वहींतील एक ओळ तेवढी शिल्लक आहे: "साली – वड, उंबर, पिंपळ, पायर वगैरे." ह्या शेवटल्या 'वगैरे' शब्दाकडे आम्हांस पुढें परत यावयाचें आहे.

(१) चरकोक्त विधि

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील पांचव्या, म्हणजे मात्राशितीय अध्यायांत दिनचर्येचा विचार करितांना धूमपानाचा विधि सविस्तर दिला आहे. तो संक्षेपानें असा. हरेणुका, प्रियंगु, नागकेशर, चंदन, दालचिनी, वेलची, वाळा, ज्येष्ठमध, जटामांसी, गुग्गुळ, अगरु, नागरमोथा, राळ इत्यादि सुगंधी द्रव्यें घ्यावीं. त्यांत न्यग्रोध, उदुंबर, अश्वत्थ, प्लक्ष व लोध्र ह्या पांच वृक्षांच्या साली घालाव्या. सर्व वाटून तो कल्क शराच्या काडीवर लिंपावा. वर्ति आठ अंगुलें लांब, आंगठ्याएवढी जाड आणि यवाच्या आकाराची, म्हणजे मध्यें फुगीर व दोन्ही टोंकांस निमुळती असावी. ती वाळली म्हणजे आंतील काडी काढून घ्यावी. वर्ति पोकळ होते. मग तिला तूप किंवा तेल लावून, ती धूमनेत्रांत बसवून, पेटवून तिचा धूर घ्यावा.

वरील यादींत 'पत्र' असा एक शब्द येतो. तो तमाखूच्या पानाचा वाचक नसून तमालपत्राचा आहे. त्वक्, एला, पत्र हीं द्रव्यें वैद्यकांत नेहमीं जोडीनें येतात, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस येथें शंका राहणार नाहीं. परंतु पान आणि धूर हे दोन शब्द एकत्र पाहून घसरणारे वाचक आम्हीं पाहिले आहेत.

ही झाली प्रायोगिकी, म्हणजे नित्य घ्यावयाची वर्ति. दुसरी स्नैहिकी, हिच्यांत चरबी, तूप व मेण हीं मुख्य. तिसरी वैरेचनिकी, ही डोक्यांतील कफ काढण्यासाठीं, व तींत ज्योतिष्मती वगैरे तीक्ष्ण द्रव्यांबरोबर हरताळ व मनशीळ हीं सोमलाचीं खनिजेंहि आहेत. धूर घेण्याच्या आठ वेळा सांगितल्या आहेत. त्यांत स्नान, भोजन, शिंक, दंतधावन, नस्य, अंजन व निद्रा ह्यांच्या नंतरच्या वेळा आहेत. डोकें, नाक व डोळे ह्यांचा विकार असेल तर धूर नाकानें ओढावा, कंठाचा असेल तर तोंडानें. सोडतांना मात्र तो तोंडानेंच सोडावा, कारण तोंडानें घेतलेला धूर नाकावाटे सोडल्यास डोळ्यांस अपाय होतो. गर्भिणी, थकलेला, मद्य प्यालेला, रात्रीं जागलेला, तहानेनें व्याकुळ झालेला अशा अनेकांस धूमपान वर्ज्य केलें आहे. अतियोगानें बधिरता, आंधळेपणा, रक्तस्राव व भोंवळ हे उपद्रव होतात असेंहि बजाविलें आहे. वाग्भटानें तर अठरा वर्षांच्या आंतील मुलास धूमपान देऊं नये असा स्पष्ट निषेध केला आहे.

ह्यावरून दोन गोष्टी ध्यानांत येतील. एक, आमच्या देशांत नळीनें वनस्पतींचा धूर घेण्याची रीत तमाखूच्या कितीतरी शतकें आधीं होती. दुसरी, ती रीत व्यसनाची नसून नियमाची होती. वेळ, मात्रा, अधिकारी व अनधिकारी हीं सर्व तींत ठरलेलीं होतीं.

(२) नळीचें माप

धूमनेत्र ह्या शब्दांत 'नेत्र' म्हणजे डोळा नव्हे, नळी होय. बस्तीच्या नळीसहि बस्तिनेत्र म्हणतात, आणि धूमनेत्र त्याच द्रव्यांचें करावें असें चरक सांगतो. तें सरळ असावें, तीन ठिकाणीं त्यास पेरें असावींत, आणि टोंकाचें छिद्र बोरीच्या आंठीच्या मानाचें असावें. लांबी रोग्याच्या स्वतःच्या अंगुलांनीं मोजावयाची: वैरेचनिक धूमास २४, स्नैहिकास ३२, आणि प्रायोगिकास चोविसांची दीडपट, म्हणजे ३६. एवढ्या लांब नळीचें कारणहि दिलें आहे. दुरून येणारा, पेऱ्यांपाशीं अडणारा व नळींतून बारीक होत जाणारा धूर इंद्रियांस बाधत नाहीं. येथें नळी ही नुसती वाहक नव्हे. धुराची तीक्ष्णता मोडण्याचें तें साधन आहे.

सुश्रुतानें हा विषय चिकित्सास्थानाच्या चाळिसाव्या अध्यायांत घेतला आहे. त्याच्या मतें धूम पांच प्रकारचा: वरील तिहींत कासघ्न व वामनीय हे दोन अधिक. नळीचीं मापें प्रायोगिकास ४८, स्नैहिकास ३२, वैरेचनिकास २४, आणि उरलेल्या दोहोंस १६ अंगुलें. वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत सूत्रस्थानाचा एकविसावा अध्याय ह्याच विषयाचा आहे. तेथें तीक्ष्ण, स्नेहन व मध्य ह्यांस अनुक्रमें आठाच्या तिप्पट, चौपट व पांचपट, म्हणजे २४, ३२ व ४० अंगुलें सांगितलीं आहेत.

आतां हीं मापें शेजारीं शेजारीं ठेवून पाहावीं. २४ व ३२ हे आंकडे तिघांसहि मान्य आहेत. नित्याच्या नळीचें माप मात्र प्रत्येकाचें निराळें: चरकाचें ३६, वाग्भटाचें ४०, सुश्रुताचें ४८. म्हणून एखाद्या सुट्या पानावर प्रायोगिक किंवा मध्य धूमाच्या नळीचा आंकडा सांपडला, तर तें पान कोणत्या परंपरेचें आहे हें त्या एका आंकड्यावरून बहुधा सांगतां येतें. आमच्या हातून गेलेल्या पानावर ३६ हा आंकडा होता. तो चरकाचा पाठ ओरडून सांगत होता. ऐकणारे कान आम्हांस नव्हते.

ही रीत केवळ वैद्यांच्या पुस्तकांत राहिली असें कोणी म्हणेल. त्यास बाणभट्टाचा दाखला पुरे आहे. सातव्या शतकांतील ह्या कवीनें कादंबरींत शूद्रक राजाच्या भोजनोत्तर क्रमांत धूमवर्तीचें सेवन, मग आचमन व तांबूल असा अनुक्रम दिला आहे. राजाच्या दिनचर्येंत सहज उल्लेख करावा इतकी ही गोष्ट बाणाच्या श्रोत्यांस परिचयाची होती. आम्हीं ही कथा शाळेंत अनेक वर्षें शिकविली, आणि त्या ठिकाणीं 'राजानें विडी ओढली' अशी मुलांची थट्टा ऐकून आम्हीहि हंसलों. तेवढ्यावर न थांबतां चरक उघडला असता, तर पुढील नुकसान टळलें असतें.

(३) तमाखूचें आगमन

तमाखू ही मूळ अमेरिका खंडांतील वनस्पति. १४९२ सालच्या कोलंबसाच्या सफरीपूर्वीं ती जुन्या जगास ठाऊक नव्हती. हिंदुस्थानांत ती पोर्तुगीजांच्या द्वारें पश्चिम किनाऱ्यावरून आली, आणि तिचें नांवहि तिच्याबरोबर आलें. मोगल दरबारांतील तिच्या प्रवेशाची हकीकत असदबेगानें लिहून ठेविली आहे. १६०४ च्या सुमारास तो विजापुराहून परतला, तेव्हां त्यानें तेथें मिळालेली तमाखू व रत्नजडित नळी अकबरास नजर केली. बादशहानें थोडे झुरके घेतले. हकिमांनीं विरोध केला. दरबारांत वाद झाला. अकबरानें पुढें तिची संवय लावून घेतली नाहीं, परंतु सरदारांनीं घेतली. अवघ्या कांहीं वर्षांत ती इतकी पसरली कीं १६१७ सालीं जहांगिरास बंदीचा हुकूम काढावा लागला.

ह्या हकीकतींत आम्हां महाराष्ट्रीयांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, आग्र्यास जी वस्तु नवलाची होती ती विजापुरास आधींच मिळत होती. म्हणजे आदिलशाही मुलखांतील कागदांत तमाखूचा उल्लेख उत्तरेच्या कागदांपेक्षां थोडा आधीं आढळला तर दचकण्याचें कारण नाहीं.

संस्कृत वैद्यकानेंहि तिची दखल घेतली. योगरत्नाकरांत तमाखूचे गुणदोष दिले आहेत. त्याअर्थीं तो ग्रंथ तमाखू आल्यानंतरचा, हें उघड आहे. भावप्रकाशांत फिरंगरोग आहे, म्हणून तो पोर्तुगीजांच्या आगमनानंतरचा, हें अनुमान ह्याच जातीचें. नवी वस्तु ग्रंथांत आली कीं ग्रंथाच्या काळाची वरची मर्यादा ठरते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर कै. परशुराम कृष्ण गोडे ह्यांनीं तमाखूविषयींचे असे उल्लेख कष्टानें गोळा करून ह्या पद्धतीचा उत्तम नमुना घालून दिला आहे. परंतु ही पद्धति 'तमाखू' ह्या नांवावर उभी आहे. 'धूम' ह्या नांवावर नव्हे.

(४) पांचवें वल्कल

आतां त्या 'वगैरे' शब्दाकडे वळूं. वड, उंबर, पिंपळ व पायर हीं चार वल्कलें सर्वत्र ठरलेलीं आहेत. पांचवें मात्र हलतें आहे. चरकाच्या धूमवर्तींत पांचवा लोध्र आहे. निघंटूंत 'पंचवल्कल' म्हणून जो गण प्रसिद्ध आहे, त्यांत पांचवा पारीष, म्हणजे आमचा पारोसा पिंपळ. आणि भावप्रकाश म्हणतो कीं कोणी पारीषाच्या जागीं शिरीष घेतात व कोणी वेतस. हे दोन गण निराळे आहेत. पण चार नांवें समान असल्यामुळें लेखकाच्या हातून एकाचें पांचवें नांव दुसऱ्यांत शिरणें अगदीं संभवनीय आहे. तेव्हां एखाद्या पोथींत हें पांचवें नांव काय आहे, ह्यावरून लेखकापुढें कोणता ग्रंथ होता, निदान त्याच्या तोंडांत कोणता पाठ बसलेला होता, हें कळूं शकतें. चारांवरून कांहींच कळत नाहीं. आणि आम्हीं चार लिहून पांचव्यास 'वगैरे' म्हटलें.

वेतस हें नांवहि सोपें नाहीं. वेतस म्हणजे नदीकांठीं वाढणारा वृक्ष. मराठींत त्यास वाळुंज म्हणतात, आणि इंग्रज ज्यास विलो म्हणतात त्याच्या कुळांतील तो आहे. ज्याच्या छड्या व खुर्च्या होतात तो वेत निराळा. त्याचें संस्कृत नांव वेत्र. अमरकोशांत वेतसाच्या पर्यायांत वंजुल हा शब्द आहे. पण तोच शब्द अशोक व तिनिश ह्यांसहि दिलेला आहे. एका नांवाखालीं तीन झाडें उभीं आहेत. कोणतें घ्यावयाचें हें संदर्भानेंच ठरवावें लागतें.

नांवानें फसण्याचा हा प्रकार केवळ आमच्याकडे आहे असें नाहीं. उत्तर अमेरिकेंतील मूळ रहिवासी चिलमींत 'तांबड्या विलोची साल' ओढीत, असें इंग्रजी पुस्तकांत पदोपदीं आढळतें. लाँगफेलोच्या १८५५ सालच्या 'हायावाथा' काव्यांतहि तिचा उल्लेख आहे. त्यावरून विलोची साल ओढण्याचा प्रघात होता अशी वाचकाची समजूत होते. वस्तुतः हा 'तांबडा विलो' बहुशः विलो नव्हेच. कॉर्नस नांवाच्या निराळ्या कुळांतील तें झुडूप असून, त्याच्या डहाळ्या हिंवाळ्यांत लाल दिसतात व तें पाणथळ जागीं वाढतें, म्हणून त्यास तें नांव पडलें. वरचा लाल पापुद्रा काढून आंतली हिरवट साल खरवडीत, विस्तवाजवळ वाळवीत, आणि अस्वलद्राक्ष म्हणतात त्या झुडपाचीं पानें, सुमाकाचीं पानें किंवा तमाखू हींत मिसळीत. ह्या मिश्रणास 'किनिकिनिक' म्हणत. त्या अल्गाँक्विन शब्दाचा मूळ अर्थच 'मिसळ' असा आहे.

म्हणजे जो देश तमाखूचें माहेर, तेथेंहि चिलमींत केवळ तमाखू नसे. आणि तेथेंहि सालीचें नांव एक व झाड दुसरें. मग जेथें तमाखू पोंचलीच नव्हती त्या काळच्या आमच्या नळींत ती शोधणें किती अनुचित, हें सांगावयास नको. ह्याउलट, विलोच्या सालींत वेदना शमविणारें सॅलिसिन हें द्रव्य आहे, आणि १८२८ सालीं बुख्नर ह्यानें तें वेगळें काढलें, हें वाचून चरकाच्या धूमवर्तींत वेतस घुसडण्याचा मोहहि कोणास होईल. तो आवरावा. चरकाच्या त्या यादींत वेतस नाहीं. आणि पोथींत नाहीं तें वाचणें हें, पोथींत आहे तें न वाचण्याइतकेंच वाईट.

(५) परीक्षेचीं गमकें

वरील विवेचनावरून संग्राहकांच्या उपयोगाचीं पुढील गमकें निघतात.

पहिलें, द्रव्य पाहावें. तमाखूचें नांव स्पष्ट असेल तर मजकूर सतराव्या शतकाच्या आसपासचा किंवा त्यानंतरचा. नांव नसेल तर एवढ्यावरून तो प्राचीन ठरत नाहीं. फक्त अर्वाचीनहि ठरत नाहीं.

दुसरें, पात्र पाहावें. धूमनेत्र किंवा नाडी सरळ असते, वर्ति तिच्या टोंकांत बसते, आणि तींत पाण्याचा संबंध नसतो. चिलीम, हुक्का, गुडगुडी हे शब्द किंवा पाण्याचें भांडें दिसल्यास तो तमाखूच्या काळचा व्यवहार समजावा.

तिसरें, माप पाहावें. अंगुलांत दिलेली लांबी व त्रिविध किंवा पंचविध विभाग असल्यास मजकूर संहितांच्या परंपरेंतील आहे; ३६, ४० व ४८ ह्या आंकड्यांवरून परंपरा ओळखावी.

चौथें, शब्दाचें रूप पाहावें. संहितांतील शब्द 'धूमपान' असा आहे. 'धूम्र' म्हणजे धुरकट रंगाचा. आज सर्वत्र रूढ झालेलें 'धूम्रपान' हें रूप व्याकरणदृष्ट्या शिथिल आहे. पानाच्या माथ्यावर किंवा वेष्टनावर हें रूप दिसल्यास तो मथळा मागाहून कोणी घातला असावा काय, हें अक्षर पडताळून पाहावें. केवळ ह्या गमकावर मात्र निर्णय देऊं नये.

पांचवें, ग्रंथाचा काळ व प्रतीचा काळ ह्यांची गल्लत करूं नये. कागद दीडशें वर्षांचा असेल, आणि त्यावरचा पाठ दीड हजार वर्षांचा.

ह्या लेखावरून कोणी वर्ति करून पाहण्याच्या भरीस पडूं नये, हेंहि सांगणें आमचें कर्तव्य आहे. वैरेचनिक धूमांतील हरताळ व मनशीळ हीं विषें आहेत. आणि साल असो कीं पान, जळलें म्हणजे त्याच्या धुरांत कर्ब-वायु व राळेसारखा चिकटा असतोच, असें आजचें वैद्यक सांगतें. आमचा विषय पोथींतील धूर हा आहे, छातींतील नव्हे.

शेवटीं एक विनंती. ज्या पानाचा अर्थ लागत नाहीं, त्यावर मत देण्याची घाई करूं नये. पण त्याची नक्कल मात्र पुरी करावी. मत चुकलें तर पुढचा मनुष्य तें सुधारील. नक्कल अपुरी राहिली तर त्याच्या हातीं सुधारावयास कांहींच उरत नाहीं. त्या पानावरील पांचवें झाड लोध्र होतें, पारीष होतें, शिरीष होतें कीं वेतस, हें आतां कोणासहि सांगतां येणार नाहीं. आमच्या वहींत तें नांव लिहिण्यास एका शब्दाची जागा लागली असती, आणि ती जागा आम्हीं 'वगैरे' ह्या शब्दास दिली.